कलिन्याला बसून आफ्रिकेचा अभ्यास?

प्रश्न : माझी भाची पदवीनंतर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात ‘आफ्रिकन अभ्यास’ या विषयात एम. ए. करायचं म्हणते. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. आफ्रिका कुठे आणि आपण मुलुंडकर कुठे! इथे बसून आफ्रिकेचा काय अभ्यास होणार, आणि तो करून पुढे काय?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट सांगते. तुमची भाची काही नवं खूळ घेऊन आलेली नाही. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन अभ्यास केंद्र 1971 साली सुरू झालं, म्हणजे त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. सांताक्रूझ किंवा कुर्ल्याला उतरून हजारो मुलं रोज त्या संकुलात जातात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्या शेजारच्या इमारतीत असं केंद्र आहे याचा पत्ताही नसतो. दिल्ली विद्यापीठात हा विषय त्याहून आधी, 1955 पासून आहे. पंडित नेहरूंच्या काळात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले होते. त्या देशांशी बोलायचं तर त्यांचा इतिहास, भाषा, राजकारण जाणणारी माणसं आपल्याकडे हवीत, हा त्यामागचा विचार होता. पूर्व आफ्रिकेतले भारताचे पहिले प्रतिनिधी तर मराठीच होते. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातले अप्पासाहेब पंत 1948 ते 1954 या काळात नैरोबीला होते. तिथल्या आफ्रिकी नेत्यांशी त्यांचा इतका घरोबा झाला की ब्रिटिश सरकारला तो खुपू लागला.

अमेरिकेत या विषयाचा जन्म वेगळ्या वाटेनं झाला. कार्टर वुडसन हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचे पुत्र. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची साधनं गोळा करण्यासाठी त्यांनी 1915 मध्ये एक संस्था काढली आणि 1926 पासून दरवर्षी एक आठवडा त्या इतिहासासाठी पाळायला सुरुवात केली. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना त्यासाठी राखलेला असतो, त्याचं मूळ या आठवड्यात आहे. विद्यापीठांत स्वतंत्र विभाग मात्र विद्यार्थ्यांनी भांडून मिळवले. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये 1968 च्या नोव्हेंबरात सुरू झालेला संप पुढच्या मार्चपर्यंत चालला, तेव्हा कुठे तिथे असा विभाग उभा राहिला. आपला इतिहास आपल्यालाच शिकवला जात नाही, ही त्या मुलांची तक्रार होती. आफ्रिकेतल्या विद्वानांचीही तीच तक्रार होती. म्हणून युनेस्कोनं 1964 मध्ये आफ्रिकेच्या इतिहासाचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून आठ खंड निघाले आणि त्यांच्या लेखनात आफ्रिकी इतिहासकारांचा वाटा मोठा होता. लिखित कागद नाहीत म्हणून इतिहास नाही, असं युरोपातले पंडित म्हणत आले होते. या खंडांनी मौखिक परंपरा, भाषा, उत्खनन, नाणी यांनाही पुराव्याचा मान दिला.

आता तुमचा खरा प्रश्न : मुंबईत बसून काय? माझं उत्तर असं की या विषयाचा एक मोठा भाग मुंबईत बसूनच करता येतो. तो दुसरीकडे कुठे तितका चांगला होणार नाही. गुलामांची जहाजं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अटलांटिक महासागर येतो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अरबी समुद्रातून आफ्रिकी माणसं इकडे येत होती. काही विकली जाऊन आली, काही खलाशी म्हणून, काही सैनिक म्हणून. गुजरातपासून कोकण, गोवा, कारवारपर्यंत ती स्थायिक झाली. त्यांच्याविषयीचे कागद लंडनला जितके आहेत तितकेच काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. अमेरिकेतला अभ्यासक ते बघायला विमानानं येतो. तुमची भाची मुलुंडहून लोकलनं जाईल.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. जोसेफ हॅरिस नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकी इतिहासकाराचं आशियातल्या आफ्रिकींवरचं पुस्तक 1971 सालीच प्रसिद्ध झालं, म्हणजे कलिन्याचं केंद्र सुरू झालं त्याच वर्षी. त्यात मलिक अंबर आहे, जंजिरा आहे, मुंबई आहे, नाशिक आहे. जगभर विखुरलेल्या आफ्रिकी समाजाच्या अभ्यासात पूर्वेकडे बघायला शिकवणारं ते पहिल्या फळीतलं पुस्तक, आणि त्याची अर्धी भूमी महाराष्ट्र आहे. त्याच्याही आधी, 1932 मध्ये, डी. आर. बनाजी यांचं मुंबई आणि सिद्दी, म्हणजे इथले आफ्रिकी वंशाचे लोक, यांच्या संबंधांवरचं पुस्तक मुंबई विद्यापीठासाठी छापलं गेलं होतं. म्हणजे या शहराला हा विषय नवा नाही. मधल्या काळात आपण तो विसरलो, एवढंच.

मलिक अंबरचं घ्या. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, मोखा, बगदाद असा हिंडत अहमदनगरच्या निजामशाहीत आलेला हा माणूस. त्याच्या धन्याचं नाव चंगीजखान. तो निजामशाहीचा पेशवा होता आणि तोही मूळचा हबशीच, म्हणजे इथिओपियाकडचा. पुढे अंबरनं बुडत्या निजामशाहीला सावरून धरलं आणि अकबर-जहांगीरच्या फौजांना पंचवीसेक वर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. जहांगीरचा त्याच्यावर इतका राग की अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बादशहा बाण सोडतो आहे, असं चित्र दरबारी चित्रकारानं काढलं. प्रत्यक्षात ते मस्तक जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारपणी वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. 1610 मध्ये त्यानं खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या जमिनीखालच्या नहरींचं पाणी कितीतरी पिढ्या प्यायल्या. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जमीन महसुलाची जी पद्धत त्यानं बसवली तिला आपल्या जुन्या कागदांत मलिकंबरी म्हणतात, आणि पुण्याच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी सारा ठरवला तो याच पद्धतीच्या पायावर. आता सांगा, हा इतिहास आफ्रिकेचा की महाराष्ट्राचा? मला तर तो दोघांचा वाटतो, आणि म्हणूनच तो दोन्ही बाजू जाणणाऱ्या माणसानं लिहायला हवा. अंबरवर इंग्रजीत पुस्तकं निघत राहतात. त्यांतल्या बऱ्याच लेखकांना मोडी येत नाही, काहींना मराठीही येत नाही. तुमच्या भाचीला मराठी येते. मोडी ती काही महिन्यांत शिकेल.

पुढे काय, या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. एम. ए. झाल्यावर नोकरी दारात उभी राहते असं याही विषयात नाही. पण आपल्या रोजच्या जेवणाकडे बघा. आमटीतली तूर कमी पडली की ती मोझांबिक, मलावी, टांझानियाहून येते. मोझांबिकशी तर तुरीसाठी 2016 मध्ये सरकारनं करारच केला. सिंधुदुर्ग-गोव्याच्या कारखान्यांत फुटणारी काजूबी बऱ्याच प्रमाणात आफ्रिकेची असते. औषधं, मोटारसायकली, कापड इथून तिकडे जातं. त्या व्यापारात, परराष्ट्र खात्यात, पत्रकारितेत, संशोधनात तो खंड जाणणारी माणसं थोडी आहेत. स्वाहिली, फ्रेंच किंवा पोर्तुगीज यांपैकी एक भाषा तिनं जोडीला घेतली तर दारं बरीच उघडतील. तुमच्या मुलुंडमध्ये किंवा घाटकोपरला कच्छी-गुजराती शेजाऱ्यांकडे चौकशी करून बघा. मोम्बासा, नैरोबी, कंपालाला कुणी ना कुणी होतंच. 1972 मध्ये युगांडाच्या इदी अमीननं नव्वद दिवसांत देश सोडायला लावलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी नीट टिपून घेतल्या तर एम. ए. चा प्रबंध मुलुंड सोडून न जाताही होईल.

•

प्रश्न : सिद्दी म्हटलं की जंजिऱ्याचे नवाब आणि सरदार एवढंच आठवतं. मुंबईच्या आसपास साधी, कष्टकरी आफ्रिकी माणसं कधी होती का?
– एक निवृत्त शिक्षक, घाटकोपर

उत्तर : गुरुजी, होती, आणि त्यांची गोष्ट मला नवाबांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

जंजिऱ्याचं थोडक्यात सांगून टाकते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. सतराव्या शतकात सिद्दींचं आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन राही, आणि 1689-90 मध्ये सिद्दी याकूतखानानं मुंबईला वेढा घालून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. शिवडीहून माझगावपर्यंतचा मुलूख त्यानं व्यापला होता. औरंगजेबाकडे दंड भरून, माफी मागून इंग्रज सुटले. हार्बर लाइननं जाताना शिवडी आणि माझगावजवळचं डॉकयार्ड रोड ही स्टेशनं लागतात, तोच हा भाग.

आता साध्या माणसांकडे वळू. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई आणि साष्टी होती, म्हणजे आजची जवळपास सगळी उपनगरं. पोर्तुगीज घरांत आणि सैन्यात मोझांबिककडून आणलेले गुलाम असत. गोव्यातही तेच. तिथून निसटलेले आणि सुटलेले कित्येक जण घाट चढून उत्तर कानडा जिल्ह्याच्या रानात गेले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडचे आजचे सिद्दी बरेचसे त्यांचे वंशज मानले जातात. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि घरात ते कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात. कर्नाटकात त्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात आफ्रिकी माणसं चांगलीच दिसू लागली. 1864 च्या शिरगणतीत त्यांची संख्या दोन हजारांच्या वर नोंदली आहे. त्यांतले निम्मेअधिक लोक समुद्रावर किंवा गोदीत काम करत. आगबोटींच्या भट्टीशी कोळसा टाकण्याचं, माणसाला भाजून काढणारं काम त्यांच्याकडे असे. आणखी एक वर्ग होता, मुलांचा. इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यावर त्यांची लढाऊ जहाजं अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं पकडू लागली. गलबतांवर सापडलेली मुलं-मुली परत कुठे सोडायची? गाव कुठलं, आईबाप कोण, हे लहान मुलांना सांगता येत नसे. सांगता आलं तरी तिथे पोचवणार कोण? म्हणून त्यांना मुंबईला आणत. त्यांतली बरीच मुलं नाशिकला मिशनच्या वसाहतीत पाठवली गेली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं उभारलेली ती वसाहत म्हणजे शरणपूर. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण कितीदा गेलो असू!

तिथे या मुलांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम अशी कामं शिकवली जात. पूर्व आफ्रिकेच्या प्रवासवर्णनांत ‘नासिक बॉइज’ असा उल्लेख वारंवार येतो, तो या मुलांचा.

1864 च्या जूनमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी आपली छोटी आगबोट घेऊन झांजिबारहून थेट मुंबईला आला. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, मूठभर खलाशी सोबत घेऊन केलेला तो प्रवास. बरोबर चुमा आणि विकातानी ही दोन आफ्रिकी मुलं होती. त्यांना त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. चौपाटीवरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे विल्सन. सुसी नावाचा त्याचा माणूस मुंबईच्या गोदीत कामाला लागला. पुढच्या फेरीत लिव्हिंग्स्टन परत आफ्रिकेला निघाला तेव्हा चुमा, सुसी आणि नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर गेली. नंतर त्याच्या मदतीला आणखी काही नाशिककर पोचले. त्यांत जेकब वेनराइट होता.

1873 च्या मेमध्ये आजच्या झांबियात, चितांबो या मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. आता त्याच्या माणसांनी काय करावं? त्याला तिथेच पुरून घरची वाट धरली असती तरी कुणी बोल लावला नसता. त्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग मीठ लावून, उन्हात वाळवून ते शव कापडात बांधलं आणि सुमारे साठ जणांच्या तांड्यानं ते खांद्यावर घेऊन हजारभर मैल चालत समुद्रकिनारा गाठला. वाटेत आजार होते, लढाया होत्या, प्रेत घेऊन जाऊ न देणारी गावं होती. 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीशी उभ्या असलेल्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलाम म्हणून विकलेला, समुद्रात सोडवलेला, नाशिकला शिकलेला एक तरुण. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या वह्या वाचल्या त्या या माणसांमुळे. तरी त्या छापल्या गेल्या तेव्हा सगळा मान प्रवाशाचा ठरला आणि वाहून आणणारे ‘विश्वासू नोकर’ झाले. त्यांना जाणते प्रवासी, दुभाषे आणि तांड्याचे नायक म्हणून बघायला इतिहासकारांनी पुढे शंभर वर्षं घेतली. आफ्रिकन अभ्यासाच्या विद्याशाखेनं काय केलं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन.

तसाच सिदी मुबारक. याव जमातीतला, लहानपणी पकडून गुजरातकडे विकलेला. मालक वारल्यावर सुटका झाली तेव्हा तो आफ्रिकेला परतला आणि नावापुढे ‘बॉम्बे’ लावून मिरवू लागला. नाईल नदीचा उगम शोधणारे बर्टन आणि स्पीक, लिव्हिंग्स्टनला शोधायला निघालेला स्टॅन्ली, आफ्रिका पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत ओलांडणारा कॅमेरून, या सगळ्यांच्या तांड्यांत तो होता. स्पीकला स्वाहिली येत नव्हती, त्यामुळे मध्य आफ्रिकेच्या रानात त्या दोघांचं बोलणं हिंदुस्तानीत चाले.

नाशिकच्या मुलांची गोष्ट पुढे मोम्बासाला जाते. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर 1873 मध्ये झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले आणि त्याच वर्षी इंग्रजांच्या दडपणाखाली सुलतानानं गुलामांचा बाजार बंद केला. त्यानंतर सुटलेल्या गुलामांसाठी मोम्बासाजवळ वसाहत उभी राहिली, तिचं नाव फ्रिअरटाऊन. शरणपूरचे प्राइसच ती वसवायला गेले आणि नाशिक-मुंबईकडचे दीडशेच्या आसपास आफ्रिकी तिथे गेले. त्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ते शिक्षक झाले, कारागीर झाले, धर्मोपदेशक झाले. विल्यम जोन्स हा नाशिकला लोहारकाम शिकलेला माणूस 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर होता. बिशप मारला गेला. मागे राहिलेला सगळा तांडा किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत आणला तो जोन्सनं. लिव्हिंग्स्टनचं शव आणणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन हा आणखी एक नाशिककर 1935 पर्यंत मोम्बासात हयात होता. आजच्या केनियाच्या शिक्षणाच्या आणि चर्चच्या इतिहासात या लोकांना मानाचं पान आहे. नाशिकच्या इतिहासात मात्र त्यांचं नाव क्वचित निघतं. गुरुजी, तुमच्या ओळखीत नाशिकचे शिक्षक असतील तर त्यांना हे जरूर सांगा. मुलांना शरणपूर रोडचं नाव पाठ असतं, त्यामागची माणसं कुणी तरी सांगायला हवीत.

माणसांखेरीज आणखी एक साक्षीदार आपल्या भोवती उभा आहे. गोरखचिंच. फुगीर, राखी बुंध्याचं हे झाड मूळचं आफ्रिकेचं. वसईच्या किल्ल्यात ते आहे, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या गोरखचिंचांची जनुकं ताडून पाहणारा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ही झाडं एकाच वेळी एकाच ठिकाणाहून आलेली नसून वेगवेगळ्या काळात आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आली, असं त्यातून दिसलं. सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर एक जुनी गोरखचिंच होती. 2023 मध्ये मेट्रोच्या कामात ती तोडली गेली. रहिवासी हळहळले, ते सावलीसाठी. त्या झाडाबरोबर इतिहासाचा एक पुरावाही गेला, याचं मला जास्त दुःख आहे.

•

प्रश्न : दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हा संबंध केवळ नावापुरता होता का? तोही आफ्रिकन अभ्यासात येतो का?
– एक विद्यार्थी, अंधेरी

उत्तर : येतो. आणि तो नावापुरता मुळीच नव्हता. त्याची मुळं शंभर वर्षं मागे जातात.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. याच वर्षी झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, याच वर्षी नाशिककर मुलं लिव्हिंग्स्टनचं शव खांद्यावर घेऊन चालत होती. पुण्यात बसून जगाचा असा विचार करणारा माणूस तेव्हा दुसरा मला दिसत नाही. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम त्या विद्यापीठाच्या शेजारी आहे. पुढे 1946 मध्ये त्यांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच काही करावं असं त्यांच्या मनात होतं. डू बॉइस यांनी महिन्याच्या आत आपुलकीनं उत्तर दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. साठच्या दशकात तिथे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे होते, गंगाधर पानतावणे होते. कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची चर्चा तिथे होऊ लागली आणि ‘अस्मितादर्श’च्या पानांतून दलित साहित्य उभं राहिलं. पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची मराठी वाचकाला सविस्तर ओळख करून दिली. मिलिंदचे विद्यार्थी अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचं साहित्य वाचत होते ते शहर साडेतीनशे वर्षांपूर्वी एका आफ्रिकी गुलामानंच, म्हणजे मलिक अंबरनं, वसवलेलं होतं. त्या वर्गांत याचा उच्चार झाला असेल की नसेल, मला मात्र हे दोन धागे एकत्र बांधलेले कुणी लिहावेत असं फार वाटतं. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभारली ती या सगळ्या वाचनाच्या, विचाराच्या पायावर. जात आणि वर्ण या दोन अन्यायांची तुलना हा आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी मूळ मराठी वाचता येणं ही मोठी ठेव आहे. ती तुमच्याकडे आहे, तिचा उपयोग करा.

आणि एक सांगायलाच हवं. तुमच्या कॉलेजात, तुमच्या उपनगरात नायजेरिया, केनिया, टांझानियाहून शिकायला आलेली मुलं असतील. त्यांना भाड्यानं घर मिळत नाही, लोकलमध्ये शेजारी कुणी बसत नाही, ‘हबशी’ म्हणून हाक मारली जाते. हे मी त्यांच्याकडून ऐकलं आहे आणि ऐकताना शरम वाटली आहे. ‘गुलामगिरी’ परीक्षेसाठी वाचायची आणि रंग बघून घर नाकारायचं, हे एकाच घरात चालू शकत नाही. त्यांच्यापैकी एखाद्याशी मैत्री करा. पुस्तकांतून कळणार नाही इतकं कळेल.

•

प्रश्न : आमचं मूळ गाव श्रीवर्धनकडे. वडिलांनी जपलेलं मोडी कागदांचं एक बोचकं घरी आहे. आजोबा म्हणत, त्यात सिद्दी सरकारचे कागद आहेत. आता बोरिवलीचं घर पुनर्विकासाला जातंय. या कागदांचं काय करावं?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : काका, कृपा करून ते कुणालाही टाकू देऊ नका!

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा भाग जंजिरा संस्थानचा. जुने लोक त्याला हबसाण म्हणत. 1948 मध्ये ते संस्थान विलीन होईपर्यंत तिथे सिद्दी नवाबांचं राज्य होतं. पेशव्यांचं भट घराणं मूळ श्रीवर्धनचं, आणि बाळाजी विश्वनाथ यांना सिद्दीशी बिनसल्यामुळेच घाटावर यावं लागलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. लढायांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण आफ्रिकी वंशाच्या राजांच्या अमलाखाली कोकणातला शेतकरी, खोत, भंडारी, कोळी कसा जगला, सारा किती भरत होता, न्याय कुणाकडे मागत होता, हे सनदांपेक्षा तुमच्या बोचक्यातल्या साध्या पावत्या, करारनामे, फारकती यांतून जास्त कळेल. आशियात आफ्रिकी घराण्यांनी इतका काळ राज्य केल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. त्यामुळे तुमच्या घरातला कागद श्रीवर्धनइतकाच आफ्रिकेच्या अभ्यासकालाही मोलाचा आहे. मोडी कागदांत सिद्दीचा उल्लेख पुष्कळदा ‘शामल’ असा येतो, एवढं वाचणाऱ्याला सांगून ठेवा.

कागद उघडताना घाई करू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात किंवा स्वच्छ खोक्यात, कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढा आणि कागद ज्या क्रमानं बांधलेले होते तो क्रम मोडू नका. मग काळाघोड्याच्या पुराभिलेख संचालनालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते दाखवा. पुराभिलेख खातं मोडी लिपीचे वर्गही घेतं. घरातल्या एखाद्या तरुणाला त्यात घाला.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत रायगड जिल्ह्यातून आलेली हजारो कुटुंबं आहेत आणि पुनर्विकासात घरं रिकामी होताना माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जात आहेत. ज्यांच्याकडे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडचे जुने कागद असतील त्या सर्व वाचकांना विनंती : घर रिकामं करण्याआधी ट्रंक उघडून बघा, आणि मोडी अक्षर दिसलं की ते वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय एकही कागद घराबाहेर जाऊ देऊ नका.